सगा, चुलत, सावत्र

जब्बार मिस्त्री पार्टाचं नाव घेऊन पार्ट कधी मागायचे नाहीत. काउंटरवर मऊ फडक्याचं एक गाठोडं ठेवायचे, त्याची चारी टोकं सावकाश उलगडायचे आणि आतला झिजलेला, तेलकट पार्ट माझ्याकडं सरकवून म्हणायचे, "ह्याचा भाऊ द्या."

मी नांदेडला स्पेअर पार्टच्या एका दुकानात सव्वीस वर्षं काउंटरवर काढली. नोकरीत नवा असताना त्यांनी पहिल्यांदा भाऊ मागितला, तेव्हा मला काही कळलं नाही. मी त्यातल्या त्यात सारखा दिसणारा पार्ट काढून दिला. त्यांनी तो उजेडाकडं धरला, दोन्ही पार्ट पालथे घालून शेजारी ठेवले आणि मान हलवली. "हा चुलत हाय. सगा द्या."

त्यांच्याकडं पार्टांची वाटणी अशी होती. मापाला, धातूला, वळणाला तंतोतंत तो सगा. बसतो, चालतो, पण मुळात दुसऱ्या गाडीसाठी केलेला, तो चुलत. आणि खोक्यावर नाव एकाचं, आत माल दुसऱ्याचा, तो सावत्र. इंजिनाला चुलत चालतो म्हणायचे, दाराच्या कडीला तर सावत्रही चालतो. "पण ब्रेकला सगाच लागतो, दिगूभाऊ. गाडी चालली न्हाई तर माणूस घरी बसतो. थांबली न्हाई तर कुठं बसंल ते आपल्या हातात न्हाई."

त्यांचं शेड अहमदपूरला, नांदेड रस्त्याला. चार खांब, वर पत्रे, मागं एक कुलपाची खोली. ट्रॅक्टर, टेम्पो सगळंच करायचे, पण नाव होतं ते जुन्या जीपच्या ब्रेकसाठी. सरकारी लिलावात निघालेल्या, कुणाच्या आजोबांनी ठेवलेल्या, कोंबड्यांनी अंडी घातलेल्या जीप लातूर-नांदेडच्या गावागावांत अजून आहेत. त्या दुरुस्त करणारे होते, पण त्या थांबवणारे एकटे मिस्त्री. ब्रेकचे ड्रम लातूरला लेथवर घासून घ्यायला न्यायचे आणि लेथ चालू असेपर्यंत समोरून हलायचे नाहीत. ब्रेकच्या पट्ट्यांवरचं लायनिंग मात्र स्वतः रिबिटी मारून बसवायचे. ब्रेकचं तेल अडवणाऱ्या रबराच्या वाट्या माझ्याकडून. अंगानं किडकिडीत, दाढी मेंदीची, बोटं काळी. शर्ट मात्र कायम पांढरा. काम करताना तो काढून खिळ्याला लावायचे आणि बनियनवर बसायचे, म्हणून तो पांढराच राहायचा.

एकदा लातूरची तीन पोरं दुकानात आली. हौसेनं जुनी जीप घेतलेली. चाकाचा नट निघेना म्हणून पान्याला लांब पाइप लावला, त्यावर दोघं उभे राहिले आणि नटासकट स्टड तुटला. तसे तीन तुटले होते. मिस्त्री तेव्हा माझ्याकडं बसले होते. त्यांनी विचारलं, "कंच्या बाजूचं चाक?" पोरं म्हणाली, डावीकडचं. मिस्त्री इतके हसले की ऑइलच्या डब्यावर बसावं लागलं त्यांना. त्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. सोडायला म्हणून ही पोरं ते पिळून पिळून घट्टच करत होती. हसून झाल्यावर ते पोरांबरोबर लातूरला गेले, उरलेले नट नुसत्या पान्यानं सोडून दाखवले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. जाताना पोरांना म्हणाले, "जुनी गाडी म्हंजी सासुरवाडीतला म्हातारा. त्येची रीत इच्चारायची. आपली सांगायची न्हाई."

दुसरी गोष्ट नायगावकडची. तिथल्या एका पुढाऱ्याच्या पुतण्याचं लग्न होतं आणि नवरदेव घरच्या जुन्या जीपमधूनच मिरवणार होता. गाडी मिस्त्रींकडं रंगरंगोटीला आणि ब्रेकला होती. लग्नाच्या आदल्या दिवशी मागच्या चाकातून तेल पाझरताना दिसलं. वाटी बदलायला हवी होती आणि सगी वाटी माझ्याकडंही नव्हती, लातूरलाही नव्हती. पुढाऱ्याची माणसं म्हणाली, कोसभर तर मिरवायचं आहे, द्या तशीच. ती माणसं चहाला गेली तेवढ्यात मिस्त्रींनी चारही चाकं काढली, खोलीत टाकली, कुलूप लावलं. नवरदेव ट्रॅक्टरवर गेला. मिस्त्रीही पांढरा शर्ट घालून लग्नाला हजर. पंगतीत नवरदेवाचा चुलता वाढप्याला मोठ्यानं म्हणाला, मिस्त्रीला चार पळ्या बुंदी वाढ, चार चाकं काढलीत त्यांनी. मिस्त्री खाली मान घालूनच म्हणाले, "पाच वाढा. स्टेपनीबी काढली."

ब्रेकचं काम झालं की गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी त्यांची एक रीत होती. रस्ता मोकळा बघून गाडी वेगात आणायची, स्टेअरिंगवरचे दोन्ही हात उचलायचे आणि ब्रेक दाबायचा. गाडी नाकासमोर उभी राहिली तर काम झालं. कुठल्याही अंगाला ओढली तर पुन्हा चाकं खोलायची. मी एकदा त्यांच्या शेजारी बसलो होतो. हात वर करून बसलेला तो माणूस दुआ मागतो आहे असं मला वाटलं. तसं म्हणालो तर ते म्हणाले, "दुआच हाय. फक्त पाय कामाला लावायचा."

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

उदगीरला गुरांचे एक डॉक्टर होते, निवृत्त झालेले. जन्मभर सरकारी जीपमधून गावोगाव फिरले होते, म्हणून निवृत्तीनंतर तशीच एक जुनी जीप घेतली आणि मिस्त्रींच्या हवाली केली. सगळं जमलं, पुढचं डावं चाक अडलं. चाकाच्या आत ब्रेकचा एक छोटा सिलिंडर असतो. पायानं दाबलेलं तेल त्यात येतं आणि दोन्हीकडं पट्टे फाकवतं, म्हणजे चाक धरलं जातं. उजव्या बाजूचा ठणठणीत होता. डाव्याला आतून गंजाचे खड्डे पडले होते. मिस्त्रींना त्याचा सगा भाऊ हवा होता. डॉक्टरांना त्यांनी सांगून टाकलं, मिळेपर्यंत गाडी हलणार नाही.

डॉक्टर घाई करणारे नव्हते. मिस्त्रीच स्वतःच्या मागं लागले. लातूरची सगळी दुकानं पाहिली, हैदराबादचं भंगार दोनदा चाळलं आणि माझ्याकडं तर दर आठ-पंधरा दिवसांनी येतच राहिले. तोच सिलिंडर, तेच फडकं, तसंच उलगडणं. मी मुंबईला, पुण्याला फोन लावायचो. तिथून येणारं खोकं उघडलं की चुलत निघायचा. पावसाळा गेला, दिवाळी गेली. आमचे शेठ मला टोमणे मारायला लागले. तुमचे पाहुणे आले बघा, भाऊ शोधायला. एका सिलिंडरसाठी अर्धा दिवस खाणारं गिऱ्हाईक त्यांना नको होतं. खरं सांगायचं तर मलाही नको झालं होतं. त्यांची एसटीतून उतरून येणारी आकृती दिसली की मी मागच्या रॅककडं जाऊन काहीतरी शोधत बसायचो.

त्या दिवशी ते आले तेव्हा उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार-पाच दिवस झाले होते. डाव्या डोळ्यात दुसरा मोतीबिंदू तयारच होता. घरच्यांनी नको म्हणत असताना आले होते, कारण मीच आठवड्यापूर्वी फोनवर म्हणालो होतो की एक खोकं येतंय. खोकं आलं होतं. बाहेरून सिलिंडर तंतोतंत तोच. भोकं तीच, बोल्ट तेच, बाक तोच. मिस्त्रींनी दोन्ही हातात घेऊन वजन केलं. मग पिशवीतून आपला मापाचा व्हर्निअर काढला, डाव्या डोळ्याजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला. रेघा दिसेनात. एवढ्या वर्षांत त्यांनी तो व्हर्निअर कुणाच्या हातात दिलेला मी पाहिला नव्हता. तो त्यांनी माझ्या हातात दिला.

"तुम्ही बगा."

मी मोजलं. जुन्याचं आतलं भोक एक इंच होतं. नव्याचं एक इंच एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पण ब्रेकमध्ये तो फार मोठा. तेवढ्या फरकानं डावं चाक उजव्यापेक्षा जास्त जोरात धरणार आणि गाडी डावीकडं ओढणार. हे मला त्या क्षणी माहीत होतं. पुढं काही जणांना मी सांगितलं की मला कळलं नाही, घोटाळा झाला, खोक्यावर चुकीचं छापलं होतं. ते खोटं आहे. मी रेघ नीट वाचली होती.

मिस्त्री म्हणाले, "काय हाय? सगा का चुलत?"

मी म्हणालो, "सगा."

त्यांनी सवयीनं नव्या सिलिंडरात करंगळी घातली, फिरवली. "जरा ऐसपैस वाटून राहिलं."

"नवीन आहे, मिस्त्री. जुन्यात घाण बसलेली असते."

मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. मला पैशाचा फायदा नव्हता, शेठनं सांगितलं नव्हतं. मी कंटाळलो होतो, एवढंच कारण आहे. त्याहून मोठं काहीतरी कारण असेल म्हणून मी पुष्कळ वर्षं मनात शोधलं. सापडलं नाही. ते सिलिंडर फडक्यात गुंडाळत होते तेव्हा त्यांच्या तोंडावर मुलीचं लग्न ठरल्यासारखं समाधान होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुमच्यामुळं झालं.

अडीच-तीन महिन्यांनी अहमदपूरकडचा एक ट्रॅक्टरवाला फिल्टर घ्यायला आला आणि बोलता बोलता सांगून गेला की जब्बार मिस्त्रीनं ब्रेक केलेली गाडी उलटली. डॉक्टर एकटेच होते. उतारावर समोर बैल आला, त्यांनी ब्रेक दाबला, गाडी डावीकडं खेचली गेली आणि रस्त्याखाली गेली. जीव वाचला. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं, पाय आखूड झाला. लोक हसत होते, तो ट्रॅक्टरवालाही थोडा हसला. चाकं काढून ठेवणाऱ्या मिस्त्रीचीच गाडी पलटली म्हणून. मी त्याला फिल्टर दिला.

मी भेटायला गेलो नाही. मिस्त्रीही काउंटरवर आले नाहीत. त्यांच्याकडं कुणी ब्रेकचं काम नेईनासं झालं आणि कुणी चुकून नेलं तरी तेच नको म्हणायला लागले, असं कानावर यायचं. असं दीड वर्ष गेलं. मग लातूरला एका नातेवाइकाकडं जाताना आमची एसटी अहमदपूरला थांबली आणि मी उतरलो. ठरवून नाही. पाय उतरले.

शेडमध्ये मिस्त्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला ग्रीस भरत होते. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, जाड चष्मा. शर्ट खिळ्याला लावलेला होता. मला पाहून त्यांनी हात पुसले, स्टूल पुढं केलं, चहा सांगितला. तब्येत विचारली, शेठची विचारली. चहा संपला. मग मी खाली बघून सांगितलं की त्या दिवशी मी मोजलं होतं, एक सूत जास्त होतं, मला दिसलं होतं.

त्यांनी कप खाली ठेवला. "मला ठाऊक हाय. गाडी परत आली त्या दिशीच चाक खोललं म्या. तंवर ह्या डोळ्याची पट्टी निघाली व्हती."

मला वाटलं होतं ते चिडतील. निदान उठून जातील. मी विचारलं की मग इतके दिवस कुणाला बोलला कसा नाहीत. माझं नाव घेतलं असतं तर तुमचं नाव राहिलं असतं.

"काय बोलू?" ते म्हणाले. "हात सोडून ब्रेक मारला तवाच गाडी जराशी डावीकडं गेली व्हती. मला वाटलं, लायनिंग नवी हाय. डाव्या चाकाचा पट्टा कमी करून सरळ केली. लायनिंगवर शक घेतला, ड्रमवर घेतला, माझ्या हातावर घेतला. सिलिंडरवर न्हाई घेतला. कामून? तुमची जबान व्हती म्हून. आता लोकांना काय सांगू? की मिस्त्री दुसऱ्याच्या जबानीवर ब्रेक बसवतो?"

मी माफ करा म्हणालो. त्यांनी ते बाजूला सारल्यासारखा हात केला. रागानं नाही. जशी काउंटरवर एखादी वस्तू लागत नसली की बाजूला सारायचे, तसा.

"मला माफी नको. माझं एक काम करा. डॉक्टर मला एकच बात बोलले. दवाखान्यात पडल्या पडल्या. म्हणले, मिस्त्री, घाई मी केली नव्हती, मग तुम्ही कामून केली? ते मला झोपू देत न्हाई, दिगूभाऊ. म्या घाई न्हाई केली. येवढं त्यांना कळाया पायजे. मी बोललो तर बहाना वाटंल. तुम्ही बोला. जुम्मेरातीला उदगीरला या. मी स्टँडवर थांबतो, दोघं मिळून जाऊ. तुम्ही फक्त म्हणा, सगा म्हून चुलत दिला. बाकी मी निस्तरतो."

मी हो म्हणालो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. गाडीचा टाइम तेव्हाच विचारून घेतला. नांदेडहून सकाळी निघणारी, उदगीरवरून पुढं कर्नाटकात बिदरला जाणारी.

डॉक्टर आता नाहीत. पुढच्याच वर्षी ते मुलीकडं परगावी राहायला गेले आणि तिथंच वारले. मिस्त्री गेल्या उन्हाळ्यात गेले. ज्यांच्यासमोर हे सांगायचं होतं ते दोघंही आता ऐकणार नाहीत आणि बहुतेक म्हणूनच मला हे लिहिता येतं आहे. माणसाच्या धाडसाचीही एक वेळ असते म्हणतात. माझी ही अशी निघाली.

त्या गुरुवारी मी गाडीत बसलो, हे खरं आहे. घरी खोटं सांगून नाही, बायकोला सगळं सांगून निघालो होतो. ती म्हणाली होती, जाऊन या, मोकळं वाटेल. तिकीट उदगीरचं काढलं. वाटभर मी एकच वाक्य मनात म्हणत होतो, सगा म्हणून चुलत दिला. म्हणता म्हणता त्याचा अर्थच जायला लागला. मग डॉक्टरांचा पाय डोळ्यांपुढं यायला लागला, जो मी पाहिलाही नव्हता. ते काठी टेकत दार उघडतील, मला या बसा म्हणतील, पाणी आणायला सांगतील. ते ओरडले असते तर मी उतरलो असतो, असं मला अजून वाटतं. ते या बसा म्हणतील याचीच भीती वाटत होती.

उदगीरच्या स्टँडमध्ये गाडी शिरली तेव्हा अकरा वाजून गेले होते. मी खिडकीशी होतो. मिस्त्री फलाटाच्या खांबाला टेकून उभे होते. शर्टाला इस्त्री केली होती, दाढीला मेंदी ताजी होती, पायांत नेहमीच्या चपलांऐवजी बूट होते. लोक उतरले, चढले. मी पिशवी मांडीवर घेतली आणि तसाच बसून राहिलो. उठतो आता, उठतो आता, असं करत बसून राहिलो. कंडक्टर आला. मी त्याला पुढचं, कमालनगरचं तिकीट मागितलं. आवाज माझाच होता.

दारातून उतरणारे संपले तसे मिस्त्री गाडीच्या बाजूनं चालायला लागले. मागच्या खिडकीपासून एकेका खिडकीत बघत पुढं येत होते. मान जरा वर करून, जाड चष्म्यातून. घंटी वाजली. माझ्या खिडकीपाशी आले आणि थांबले. आमच्यात हातभर अंतर होतं. मी त्यांच्याकडं पाहिलं. नजर काढून घेण्याइतकंही बळ माझ्यात राहिलं नव्हतं.

त्यांनी मला बोलावण्यासाठी हात उचलला. अर्ध्यावर आणला. मग माझ्या मांडीवरच्या पिशवीकडं, पिशवीला गच्च धरलेल्या माझ्या हातांकडं त्यांचं लक्ष गेलं. वर आलेला तो हात त्यांनी तसाच पुढं नेला आणि डोक्यावरची टोपी सारखी केली. तेवढ्यासाठीच उचलला होता असं वाटावं इतकं सहज. फलाटावर कुणी पाहत असतं तर त्याला काहीच कळलं नसतं.

गाडी हलली. ते मागं सरले आणि समोरून जाणाऱ्या खिडक्यांत बघत राहिले, एक एक करून, गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत.